व्हिडिओ लावला की ब्राउझर बंद पडतोय, बाकी सगळं चालतंय. फॉरमॅट न मारता काय करता येईल?

व्हीएमसी_उद्यमनगर

नमस्कार मंडळी, जरा मदत पाहिजे. आमचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात छोटं मशिन शॉप आहे आणि पत्र्याच्या केबिनमध्ये एक असेंबल्ड पीसी आहे, त्याच्यावरच कॅमचं (मशिनसाठी कापायचे प्रोग्रॅम बनवायच्या सॉफ्टवेअरचं) काम, बिलं, जीएसटी सगळं चालतं. आय-थ्री चौथ्या जनरेशनचा, ८ जीबी रॅम, जुनं २ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, विंडोज १०.

प्रॉब्लेम असा की व्हिडिओच्या साईटवर जाऊन व्हिडिओ लावला की थोडा वेळ नीट चालतंय आणि मग अख्खा ब्राउझर गायब, सगळे टॅब गेले, कधीकधी त्याच्या आधी स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते, एरर वगैरे काही दाखवत नाही. मेल, बँक, जीएसटीचं पोर्टल दिवसभर उघडं ठेवलं तरी काही होत नाही, फक्त व्हिडिओ लावला की हे. कॅशे साफ केली, एक्स्टेन्शन सगळी काढली, ब्राउझर काढून परत टाकला, मग दुसरा ब्राउझर टाकला, तरी तेच.

ओळखीच्या रिपेअरवाल्याला विचारलं तर तो म्हणतोय फॉरमॅट मारूया, सगळं क्लीन होईल. पण मला फॉरमॅट नको आहे कारण कॅमचं लायसन्स त्या मशिनला बांधलेलं आहे, पोस्ट प्रोसेसरची (कॅमचा प्रोग्रॅम आमच्या मशिनच्या भाषेत बदलणाऱ्या भागाची) सेटिंग बसवायला लय वेळ गेलाय, ते परत उभं करायचं म्हणजे काम थांबणार. आणि व्हिडिओ पण सोडून देता येत नाहीत, जेवणाच्या सुट्टीत आमची पोरं त्यावरच मशिनचं मॅक्रो प्रोग्रॅमिंग शिकतात, मशिनच्या कंट्रोलरचा अलार्म आला तर काय करायचं ते बघतात, शिफ्ट सोडून क्लासला जाणं त्यांना जमत नाही. त्यामुळं हे नीट व्हायलाच पाहिजे. कुणाला असा अनुभव असेल तर सांगा.

रंकाळा_वारा

दादा पहिल्यांदा, व्हिडिओचं काम सीपीयूऐवजी ग्राफिक्स कार्डाला देणारं हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करून बघा. क्रोममध्ये सेटिंग्ज, मग सिस्टीम, तिथं ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशनचं बटण आहे ते बंद करायचं आणि रीलाँच. फायरफॉक्समध्ये सेटिंग्ज, जनरल, खाली परफॉर्मन्स, तिथली शिफारस केलेल्या सेटिंगवरची टिक काढली की खाली हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशनचा पर्याय दिसतो, त्याची पण टिक काढा. फॉरमॅट अजिबात नको, रोग कळायच्या आधी ऑपरेशन कशाला.

कळंबेकर

वरच्या भावाने बरोबर सांगितलंय पण मी थोडं पुढचं सांगतो, कारण बंद केल्यावर नुसतं चालायला लागलं म्हणून सोडून देऊ नका, ती टेस्ट आहे, इलाज नाही.

पहिलं, तुम्ही 'दुसरा ब्राउझर' टाकला म्हणजे कुठला? क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा हे सगळे आतून क्रोमियमच आहेत (एज पण जानेवारी २०२० पासून त्याच इंजिनावर आलाय), त्यामुळं एक काढून दुसरा टाकला तर टेस्ट झालीच नाही असं धरा. इंजिन वेगळं पाहिजे असेल तर फायरफॉक्स, त्याचं गेको आहे. दोन्ही इंजिनं एकाच कामाला पडत असतील तर दोष त्या दोघांच्या खाली कुठंतरी आहे, म्हणजे ड्रायव्हर (विंडोज आणि कार्ड यांना जोडणारं सॉफ्टवेअर), कार्ड, रॅम किंवा पॉवर सप्लाय.

दुसरं, तुम्ही लिहिलंय की अख्खा ब्राउझर जातो आणि त्याआधी स्क्रीन काळी होते. हे फार महत्त्वाचं आहे. आजकालचे ब्राउझर प्रत्येक साईटला वेगळी प्रोसेस देतात, साईटच्या कोडमध्ये काही घोळ असेल किंवा त्या टॅबची मेमरी संपली तर सहसा तेवढा टॅबच पडतो आणि ते दुःखी चेहऱ्याचं पान येतं, बाकीचे टॅब जिवंत राहतात. स्क्रीन काळी होऊन परत येणं हे मात्र ब्राउझर करत नाही, ते विंडोज करते. ग्राफिक्स कार्डाला एखादं काम दिलं आणि त्याने २ सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज समजते की कार्ड अडकलं आणि ड्रायव्हर जबरदस्तीने रीसेट करते. त्या वेळी कार्ड वापरत असलेले प्रोग्रॅम काही सावरतात, काही मरतात.

हे खरं आहे का ते बघायचं असेल तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्स, सिस्टीम, आणि ज्या वेळी ब्राउझर पडला त्या वेळेची नोंद शोधा. सोर्स 'डिस्प्ले' आणि इव्हेंट आयडी ४१०१ दिसला की समजा मी म्हणतोय तेच आहे.

आणि एक प्रश्न, कॅममध्ये टूलपाथचं (कटर कुठून फिरणार त्या वाटेचं) सिम्युलेशन चालवताना स्क्रीन कधी काळी झाली का? नीट आठवून सांगा. आणि शॉपमधला कॉम्प्रेसर किंवा वेल्डिंग चालू झालं त्याच वेळी पडतं का, हे पण बघा, कारण एकाच फेजवर असेल तर व्होल्टेज खाली येतं आणि हलका पॉवर सप्लाय असेल तर कार्डाला पुरत नाही.

व्हीएमसी_उद्यमनगर

लय धन्यवाद दोघांना. रात्री शॉप बंद झाल्यावर सगळं करून बघितलं.

अ‍ॅक्सिलरेशन बंद केलं तर ब्राउझर पडायचा थांबला, पण व्हिडिओ फुल स्क्रीन केला की अडखळतोय, आवाज पुढं आणि चित्र मागं, टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू शंभरला चिकटलेला. परत चालू केलं की परत पडतं. वेगळ्या इंजिनाचा ब्राउझर पण टाकून बघितला, तिथंही स्क्रीन काळी होऊन बंद. रात्री कॉम्प्रेसर, मशिन सगळं बंद होतं तरी पडलं, म्हणजे व्होल्टेजचा विषय नसावा.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ च्या नोंदी आहेत, आणि नुसत्या ब्राउझरच्या वेळेच्या नाहीत, दिवसा पण आहेत. पोरांना विचारलं तर म्हणतात हो सिम्युलेशन मोठं असलं की स्क्रीन एकदा मिटून उघडते, आम्हाला वाटलं मॉनिटरची केबल ढिली आहे.

तांबडापांढरा_०९

मग कोडेकचं, म्हणजे व्हिडिओ कुठल्या पद्धतीने दाबून पाठवलाय त्याचं, पण बघा. आय-थ्री चौथी जनरेशन म्हणजे त्याच्यात व्हीपी९ या कोडेकचा पूर्ण हार्डवेअर डिकोडर नाही, इंटेलमध्ये तो सातव्या जनरेशनपासून आला आणि एव्ही१ चा अकराव्यापासून. यूट्यूबवर असाल तर व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा, कोडेकच्या ओळीत व्हीपी०९ किंवा एव्ही०१ दिसलं तर तुमचा सीपीयू एकटा सगळं उलगडतोय, एव्हीसी१ दिसलं तर ते एच२६४, जे जुनी कार्डं पण आरामात खेळवतात. एच२६४इफाय नावाचं एक्स्टेन्शन आहे ते टाकलं की साईट एच२६४ मध्येच व्हिडिओ देते. १०८० पर्यंतच मिळतो मग, त्याच्या वरचा नाही, पण तुम्हाला मॅक्रो प्रोग्रॅमिंग बघायला तेवढा पुरे. माझ्या जुन्या पीसीला मी हेच करून ठेवलंय, अडखळणं पूर्ण गेलं.

कळंबेकर

@तांबडापांढरा_०९ कोडेकचं म्हणणं बरोबर आहे आणि अडखळण्यावर तो चांगला उपाय आहे, पण इथं तो मूळ प्रश्न नाही. सिम्युलेशनमध्ये कसला आलाय व्हिडिओ कोडेक, आणि तिथं पण ४१०१ येतोय. म्हणजे ब्राउझर आणि ती साईट दोघंही निर्दोष आहेत, कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर अडकतोय. व्हिडिओत जास्त दिसतं कारण व्हिडिओ चालू असेपर्यंत कार्डाला दर सेकंदाला ३० किंवा ६० वेळा नवीन चित्र मांडावं लागतं, त्याला विसावा मिळत नाही. बँकेचं पान एकदा काढलं की कार्ड निवांत.

आता दोनच गोष्टी राहिल्या, ड्रायव्हर आणि उष्णता. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते उघडताना 'सेन्सर्स ओन्ली' टिक करा, ग्राफिक्स कार्डाचं तापमान बघत बघत व्हिडिओ लावा आणि पडायच्या वेळी आकडा किती होता ते सांगा. थंड असतानाच पडत असेल तर ड्रायव्हर, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' चालू दिसत असेल तर मागच्यावर जाऊन बघा. आकडा चढत चढत जाऊन पडत असेल तर ड्रायव्हरला हात लावू नका.

अजून एक, नेटवर शोधलं तर रजिस्ट्रीत जाऊन ते २ सेकंद वाढवायचा उपाय सापडेल. तो करू नका. अडकलेलं कार्ड जास्त वेळ अडकून राहील एवढंच होईल.

व्हीएमसी_उद्यमनगर

तापमान बघितलं. पीसी चालू करून नुसता ठेवला तर ७१, व्हिडिओ लावला की चढत चढत ९७ पर्यंत गेलं आणि तिथं स्क्रीन काळी, ब्राउझर बंद. मग कॅबिनेटचं साईडचं झाकण काढून बघितलं तर कार्डाचा फॅन फिरतच नाही म्हणजे हलतोय पण अडकत अडकत, आणि त्याच्या खाली जे अ‍ॅल्युमिनियमचं आहे त्याच्या फटी काळ्या भुकटीने पूर्ण बुजल्यात. शॉपमधल्या कॉम्प्रेसरची हवा मारू का?

मदरबोर्डवाली_राजारामपुरी

दादा थांबा, कॉम्प्रेसर मारू नका!! हे वाचलं आणि मुद्दाम लिहायला आले कारण उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावकडनं येणारे पीसी मी रिपेअरला बघते आणि त्यात कॉम्प्रेसरने मेलेले बोर्ड असतात.

तुमच्याकडं जी काळी भुकटी आहे ती घरातल्या धुळीसारखी नाही. आपल्याकडं फाउंड्रीचं कास्टिंग मशिनिंगला येतं, बिडाचं (ओतीव लोखंडाचं), आणि बीड कोरडं कापलं की त्याची एकदम बारीक पावडर उडते. बिडात लोखंडाबरोबर ग्राफाइट असतं आणि दोन्हीतनं करंट जातो. घरातली धूळ नुसती हवा अडवते, ही पावडर हवा तर अडवतेच पण रॅमच्या स्लॉटमध्ये किंवा दोन पायांच्या मध्ये जाऊन बसली की शॉर्ट करू शकते. जोरात हवा मारली तर ती कार्डावरनं उठून नेमकी तिथंच जाऊन बसणार. शिवाय शॉपच्या कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी आणि तेल असतं, आणि प्रेशरने फॅन इतका गरगर फिरतो की बेअरिंग जातं.

असं करा. पीसी बंद, वायर भिंतीच्या बोर्डातनं काढा, मग पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरा म्हणजे आत राहिलेला चार्ज जाईल. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मग कार्डाचा स्क्रू काढा, स्लॉटच्या टोकाला लॉक असतं ते दाबून कार्ड सरळ वर उचला. कॅबिनेटपासून लांब, बाहेर नेऊन, मऊ कोरड्या रंगाच्या ब्रशने हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या त्या धातूच्या पात्यांच्या) फटी साफ करा, हँड ब्लोअर असेल तर चालेल पण प्लॅस्टिकची नळी आणि फॅन बोटाने धरून. स्लॉटमधली पावडर पण ब्रशने बाहेरच्या दिशेला ओढा, आत ढकलू नका.

कार्ड बाहेर आहेच तर एक टेस्ट फुकटात होतेय ती सोडू नका. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावा आणि पीसी तसाच चालू करा, चौथ्या जनरेशनच्या आय-थ्रीमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असतं. त्यावर व्हिडिओ न पडता चालला तर कार्डावर शिक्कामोर्तब, रॅम आणि विंडोज दोन्ही सुटले.

मग हीटसिंक काढून थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंकला पोचवणारी) बदला, इतक्या जुन्या कार्डाची पेस्ट वाळून खडू झालेली असणार. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापडाने पूर्ण पुसायची, नवीन अगदी वाटाण्याएवढी मधोमध, पसरवायची गरज नाही. स्क्रू बसवताना व्हाइसचे बोल्ट आवळतो तसे समोरासमोरचे आलटून पालटून, एकच पूर्ण आवळला तर चिप कोपऱ्यात चेपते. हे काम तुम्ही लोक आमच्यापेक्षा चांगलं कराल, तुमचा हात त्यात बसलेला आहे.

फॅन अडकतोय तर तेल घालून काही दिवस चालेल पण बदलाच. त्याच मापाचा आणि तेवढ्याच पिनांचा मिळतो, जुना फॅन सोबत घेऊन दुकानात जा म्हणजे फेऱ्या वाचतील.

आणि कृपा करून पीसी जमिनीवर ठेवू नका. बीड खाली बसतं आणि कॅबिनेटचा पुढचा फॅन तेच ओढतो. टेबलावर घ्या, पुढच्या जाळीला आतनं बारीक नायलॉनची जाळी लावा आणि ती काढून झटकत जा. बरेच जण धूळ जाऊ नये म्हणून कॅबिनेटवर कापड टाकतात, पीसी चालू असताना ते तर अजिबातच नको, गरम हवा बाहेर पडायला जागाच राहत नाही.

रंकाळा_वारा

ताई हे फार उपयोगाचं लिहिलंय, बिडाच्या पावडरीचं मला माहीतच नव्हतं. माझ्या मामांचं शिरोलीला टर्निंगचं आहे, त्यांना पाठवतो.

व्हीएमसी_उद्यमनगर

ताईंनी सांगितलं तसंच केलं. कार्ड काढून नुसत्या मदरबोर्डवर व्हिडिओ लावून ठेवला, जेवण करून आलो तरी चालूच होता, बंद पडला नाही. मग कार्ड साफ केलं, पेस्ट बदलली, फॅन नवीन बसवला, जुना सोबत नेला होता त्यामुळं पहिल्याच दुकानात मिळाला. आता नुसतं ठेवल्यावर ४३ आणि व्हिडिओ चालू असताना ६१ च्या आसपास थांबतंय. अ‍ॅक्सिलरेशन परत चालू केलंय, ब्राउझर पडत नाही आणि सिम्युलेशनमध्ये पण स्क्रीन मिटत नाही, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये नवीन ४१०१ आलेला नाही. ६० फ्रेमचा व्हिडिओ फुल स्क्रीनला थोडा अडखळत होता तो एच२६४इफाय टाकल्यावर सुटला, @तांबडापांढरा_०९ त्याबद्दल वेगळे आभार.

फॉरमॅट मारला असता तर कॅमचं लायसन्स, सेटिंग सगळं गेलं असतं आणि व्हिडिओ लावल्यावर परत तेच झालं असतं, कारण फॅन तर तसाच अडकलेला राहिला असता. पीसी आता टेबलावर आहे. पोरांनी हीटसिंकचा फोटो काढून ठेवलाय, साफ करायच्या आधीचा, तो केबिनमध्ये लावणार म्हणतात.

कळंबेकर

लय भारी. एचडब्ल्यूइन्फो काढून टाकू नका, महिन्याकाठी एकदा बघत जा, रिकाम्या पीसीचं तापमान ५५ च्या वर सरकायला लागलं की झाकण उघडायचं. आणि एवढं सगळं त्या एका पीसीवर आहे तर पोस्ट प्रोसेसरच्या फायली आणि प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर नाही तर दुसऱ्या हार्ड डिस्कवर आजच कॉपी करा. कार्ड वाचलं, पण हार्ड डिस्क त्याच उकाड्यात इतकी वर्षं बसलेली आहे.

गडहिंग्लजचा_सागर

माझं पण सेम होतंय, व्हिडिओ लावला की टॅब पडतो आणि ते दुःखी चेहऱ्याचं पान येतं. लॅपटॉप आहे, विंडोज ७, रॅम २ जीबी. मी पण पेस्ट बदलू का?

कळंबेकर

सागर, तुझं सेम नाही भावा, पेस्टला हात लावू नको अजून. तुझा फक्त टॅब पडतोय, स्क्रीन काळी होत नाही, आणि २ जीबी रॅम आहे, त्यामुळं पहिला संशय मेमरीवर. क्रोम असेल तर शिफ्ट आणि एस्केप एकदम दाब, त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, व्हिडिओचा टॅब किती मेमरी खातोय ते बघ. बाकीचे टॅब बंद करून, व्हिडिओ ४८० वर आणून चालतो का ते सांग.

आणि विंडोज ७ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती, फेब्रुवारी २०२३ मधल्या ११० पासून त्यांनी विंडोज १० च्या खालचं सोडलं. म्हणजे तुझा ब्राउझर तिथंच थांबलेला असणार आणि साईट पुढं गेलीय. फायरफॉक्सची ११५ ईएसआर (जास्त काळ सांभाळली जाणारी आवृत्ती) विंडोज ७ वर चालते, ती टाकून बघ. त्या लॅपटॉपवर बँकेचं काही करत असशील तर ते आधी बंद कर, विंडोज ७ चे सिक्युरिटी अपडेट सर्वसाधारण लोकांसाठी जानेवारी २०२० मध्येच थांबलेत. रॅमचा एक स्लॉट रिकामा आहे का ते मागचं झाकण उघडून बघ आणि मॉडेल नंबर इथं टाक, मग पुढचं सांगतो.